सव्वीस मिलिमीटर

घरात दारं सात होती, खिडक्या सहा, आतल्या खोल्यांचे उंबरे पाच, पोटमाळे दोन आणि भिंतीतली कपाटं तीन. रस्त्यापासून घरापर्यंतच्या पायऱ्या चोपन्न. घरात माणसं दोन, म्हणजे गुडघे चार, आणि त्यांपैकी भरवशाचे तीन.

ही मोजदाद व्हर्नियररावांनी एका रविवारी सकाळी वहीत लिहून काढली आणि खाली तारीख घालून सही केली. व्हर्नियर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होते, आणि तारेची, गोळीची, नळीची जाडी मोजायचं जबड्याचं उपकरण त्यांच्या खिशात सतत असे. मुलांनी त्या उपकरणाचं नाव त्यांना देऊन टाकलं. पुढे ते नाव कॉलेजातून घरी आलं, घरातून जिन्यात गेलं, आणि आता पोस्टमनही तेच घेऊन हाक मारत असे. व्हर्नियररावांना त्याचं वाईट वाटत नसे. निवृत्तीच्या वेळी प्राचार्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. इतर कोणी असतं तर आभार मानून मोकळं झालं असतं. यांनी आठवडाभर ते तपासलं आणि मग आभाराचं पत्र पाठवलं: घड्याळ पोचलं, सुरेख आहे, दिवसाला चार सेकंद पुढे जातं.

चौथा गुडघा वहिनींचा. वहिनी म्हणजे व्हर्नियररावांच्या पत्नी; सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची. त्या इस्पितळात परिचारिका होत्या आणि तीस वर्षांची नोकरी त्यांनी जवळजवळ उभ्यानेच केली होती. आता डावा गुडघा त्याचा हिशोब मागत होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पायऱ्या बंद." ते डॉक्टर स्वतः दुसऱ्या मजल्यावर बसायचे, पण तो भाग वेगळा. इमारतीला लिफ्ट नव्हती. गेल्या दोन महिन्यांत वहिनी फक्त चार वेळा खाली उतरल्या होत्या, आणि चारही वेळा त्याच डॉक्टरांकडे.

मागच्या गल्लीत शिलाईवाल्या मावशींचं तळमजल्याचं घर होतं. मावशी लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. वहिनींनी एके काळी त्यांच्या आईला महिनाभर घरी जाऊन इंजेक्शनं दिली होती, ते मावशी विसरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "घर तुम्हालाच देईन. दोन महिने थांबते. पण त्यापुढे जावई ऐकायचा नाही हो, त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे."

म्हणजे दोन महिन्यांत तिसऱ्या मजल्याचं घर विकायचं, आणि तेही जरा बऱ्या भावात, कारण तळमजला महाग होता.

एजंट आला. दोन फोनवाला, चपळ, पायात टोकदार बूट. त्याने हॉलच्या मध्यभागी उभं राहून खाली पाहिलं आणि जिभेने 'च्' असा आवाज केला.

"साहेब, गिऱ्हाईक घरात शिरलं की पहिल्यांदा कुठे बघतं?"

"छताकडे," व्हर्नियरराव म्हणाले. ते स्वतः ओल शोधायला तिथेच बघत.

"खाली! फरशी जुनी की घर जुनं. फरशी बदला, भाव दहा टक्के चढला म्हणून समजा."

"पण इमारत तीच राहणार ना?"

"इमारत कोण बघतं, साहेब?"

हे तर्कशास्त्र व्हर्नियररावांना पटलं नाही, पण दहा टक्के हा आकडा पटला. मावशींच्या घराच्या आणि त्यांच्या घराच्या किमतीतला फरक साधारण तेवढाच होता.

आता प्रश्न असा की जुनी फरशी फोडायची की तिच्यावरच नवी बसवायची. फोडायची तर सोसायटीचा अर्ज होता. तीन प्रतींत. वरच्याची, खालच्याची आणि शेजारच्याची सही, आणि दुपारी एक ते चार हातोडा बंद. एक ते चार का, हे अर्जात छापलेलं नव्हतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर खालच्या घरात राहत आणि त्या वेळात झोपत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फरशीवर फरशी बसवायची असेल तर मात्र कुठलाच अर्ज नव्हता. जे करायला अर्ज लागत नाही ते काम सोपं असतं, असा माणसाचा एक गोड गैरसमज आहे.

समोरच्या काकूंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर दहा वर्षांत तीनदा फोडलं होतं आणि त्या अनुभवाच्या बळावर त्या अख्ख्या जिन्याला सल्ला देत.

"फोडल्याशिवाय घराला घरपण येत नाही, भावोजी."

"फोडल्यावर येतं?"

"तिसऱ्या वेळेला येतं," काकू म्हणाल्या. "आणि पांढरी फरशी घ्या. घर मोठं दिसतं." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. "पांढरी नको. केस दिसतात."

व्हर्नियरराव दुकानात गेले आणि त्यांनी एकाच नमुन्याच्या बारा फरश्या काढायला लावून प्रत्येकीची जाडी चार कोपऱ्यांत मोजली. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, फरशी घ्यायची आहे की तिचं लग्न जमवायचंय?" सरासरी आठ पूर्णांक तीन मिलिमीटर आली. मिस्त्रीने सांगितलं होतं, चिकटवायच्या केमिकलचा थर चार मिलिमीटर. एकूण बारा पूर्णांक तीन. मग घरी येऊन, जमिनीवर गाल टेकून, त्यांनी सातही दारांखालची फट मोजली. कुठेही चौदापेक्षा कमी नव्हती. म्हणजे फरशी बसल्यावरही दारं एक पूर्णांक सात मिलिमीटर अधांतरी फिरतील. त्यांनी वहीत त्या आकड्याभोवती चौकोन काढला.

असं सगळं मोजलं. एकच गोष्ट मोजायची राहिली. ज्या जमिनीवर आपण एकोणतीस वर्षं चालतो आहोत ती सपाट आहे, हे त्यांनी गृहीत धरलं.

मिस्त्री शांत माणूस होता. पहिल्या दिवशी त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं मदतनीसाकडे दिलं, आणि खोलीखोलीत फिरून भिंतींवर पेन्सिलीच्या खुणा केल्या. मग तो विडी पेटवायला गॅलरीत गेला. परत येऊन म्हणाला,

"साहेब, घर उतरतंय."

"कुठे?"

"स्वयंपाकघराकडे. नऊ मिलिमीटर. केमिकलने जमायचं नाही, खाली सिमेंटचा माल भरावा लागेल. पण तुमचे पाचही उंबरे एका लेव्हलात आहेत बघा. बांधणाऱ्याने तेवढं एकच काम नीट केलंय. आपण फरशी उंबऱ्यांच्या डोक्याला भिडवू. मग सगळं घर एका पातळीत."

"म्हणजे जमीन किती वर येणार?"

"कमीत कमी बावीस, जास्तीत जास्त एकतीस. सव्वीस धरा."

"आणि बारा पूर्णांक तीन?"

"ते तुमच्या वहीत," मिस्त्री म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, माहिती होती.

त्याच वेळी व्हर्नियररावांनी 'थांबा' म्हणायला हवं होतं. पण माणसाचं मन विचित्र. एकोणतीस वर्षं त्यांना उतार जाणवला नव्हता. आता कळल्यापासून हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना आपण किंचित धावतो आहोत असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी खिशातून पोलादी गोळी काढून जमिनीवर ठेवली. गोळीने क्षणभर विचार केला आणि ती ओट्याकडे निघाली. त्यांना ते बघवेना.

"भरा माल," ते म्हणाले.

आठ दिवस नवराबायको बुद्धिबळातल्या राजासारखे एकेक घर सरकत राहिले. आधी आतल्या खोलीत, मग बाहेरच्या, मग गॅलरीत दोन खुर्च्या टाकून. सातही दारं बिजागऱ्यांतून काढून जिन्यात टेकवून ठेवली होती. समोरच्या काकू येताजाता त्यांच्यातून वाट काढत म्हणायच्या, "फोडली असती तर एव्हाना झालं असतं."

नवव्या दिवशी काम संपलं. व्हर्नियररावांनी पोलादी गोळी घरात एकोणीस ठिकाणी ठेवून पाहिली. एकोणीसही ठिकाणी ती ठेवल्या जागी बसली. त्यांच्या आयुष्यातला तो फार सुखाचा तास होता. तासच, कारण मग सुतार आला.

"होऊन जाईल," सुतार म्हणाला. हा त्याचा तकिया कलाम होता आणि तो कुठल्याही प्रश्नाला चाले.

दारं खालून कापावी लागणार हे उघडच होतं. व्हर्नियररावांनी प्रत्येक दाराचा वेगळा आकडा काढून कागद तयार ठेवला होता: हे अकरा, हे चौदा, हे एकोणीस. सुताराने कागद आदराने वाचला, घडी करून खिशात घातला आणि सगळीच्या सगळी दारं अठ्ठावीस मिलिमीटर कापली.

"सगळ्यांना सारखं," त्याने समजावलं. "म्हणजे पुन्हा यायला नको."

सगळ्यांत न्हाणीघराचं आणि संडासाचं दारही आलं. वास्तविक तिथली जमीन वाढलीच नव्हती आणि ती दारं आत उघडत. आता त्यांच्याखाली बेचाळीस मिलिमीटरची फट पडली. व्हर्नियररावांना आंघोळ करताना पाढे म्हणायची सवय होती. एकोणतिसाचा पाढा आता जिन्यापर्यंत ऐकू जायला लागला. शिवाय एक दार जिन्यात उलटं टेकवलेलं होतं, ते डोक्याकडून कापलं गेलं. ते बसवल्यावर खाली घासलं, म्हणून पुन्हा खालूनही कापलं. तेव्हापासून ते चौकटीत कुठेच न टेकता, संकोचलेल्या पाहुण्यासारखं उभं असे.

मग फ्रिज. फ्रिज पोटमाळ्याखाली जिथे वर्षानुवर्षं उभा होता, तिथे तो आता डोकं आपटायला लागला. त्याला हॉलमध्ये सोफ्याशेजारी जागा मिळाली. कोणी आलं की तोही मधेच घुर्र करून बोलण्यात भाग घेई. लाकडी कपाटाचीही तीच अडचण होती, पण कपाटाला पाय होते, आणि सुतार अजून घरातच होता. "होऊन जाईल," तो म्हणाला, आणि कपाट बुटकं झालं. भिंतीतल्या तिन्ही कपाटांची खालची दारं तर उघडेनातच. नवी फरशी त्यांच्यापुढे बांधासारखी उभी होती. ओटा होता तिथेच होता, पण उभं राहायची जमीन एकतीस मिलिमीटर वर आल्यामुळे वहिनींना वाकावं लागे.

"गुडघ्याला एकटं वाटत होतं," वहिनी म्हणाल्या. "आता कंबर आली सोबतीला."

बायको रागावली तर उत्तर देता येतं. ती विनोद करायला लागली की काही करता येत नाही.

आता सेक्रेटरी. फरशी कापायच्या यंत्राचा आवाज त्यांनी आठ दिवस सोसला, कारण फोडण्याचा अर्ज नव्हता आणि न फोडण्याविरुद्ध नियम नव्हता. नवव्या दिवशी ते वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले,

"माझ्या डोक्यावर वजन किती वाढलं, ते सांगा."

दुसरा कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, "फारसं नाही हो, काका." व्हर्नियररावांनी दोन मिनिटं मागून घेतली. त्यांनी फरशीची घनता धरली, मालाची धरली, क्षेत्र बेचाळीस चौरस मीटर धरलं, आणि वर बघून समाधानाने सांगितलं,

"दोन हजार दोनशे सव्वीस किलो."

सेक्रेटरींनी भिंतीचा आधार घेतला.

"पण ते सगळीकडे सारखं पसरलंय, काका," व्हर्नियरराव धीर द्यायला म्हणाले. "तुमच्या एकट्याच्या पलंगावर किती येणार? तीन चौरस मीटर धरा. एकशे एकोणसाठ फक्त."

त्या दिवसापासून सेक्रेटरींचा पलंग त्यांच्या घरात भटकत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी नोटीस आली: इंजिनिअरचा दाखला आणि घराचा मूळ नकाशा सादर केल्याशिवाय सोसायटी विक्रीला परवानगी देणार नाही. मूळ नकाशा भिंतीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात होता. ते दार उघडत नव्हतं. सुताराला बोलावलं. होऊन गेलं, दार आता कपाटाला उरलं नाही, पण नकाशा मिळाला.

इंजिनिअर चोपन्न पायऱ्या चढून आला तेव्हा पाच मिनिटं त्याला बोलता येईना. व्हर्नियररावांनी सहा पानी गणित त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते पंख्यासारखं हलवून वारा घेतला. मग हॉलच्या मध्यभागी जाऊन उजवा पाय तीनदा आपटला, खाली सेक्रेटरींच्या घरी जाऊन छताकडे बघितलं, परत न येता जिन्यातच सही केली आणि सांगितलं, "पडायचं असतं तर एव्हाना पडलं असतं."

"अहो, पण मोजमाप?" व्हर्नियररावांनी कठड्यावरून विचारलं.

"केलं की!" इंजिनिअरने खालून पाय वर करून दाखवला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत व्हर्नियररावांचा इतका अपमान झाला नव्हता. दाखला मात्र चालला.

या सगळ्यात सात आठवडे गेले. एजंट गिऱ्हाइकं आणायला लागला, आणि पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "साहेब, बोलायचं काम माझं. तुम्ही फक्त हसायचं."

पहिल्या गिऱ्हाइकाला फरशी इतकी आवडली की ते मान खाली घालून कौतुक करत चालत गेलं आणि न्हाणीघरात पडलं. पूर्वी तिथे उंबरा दिसायचा, माणूस पाय उचलायचा. आता सपाट जमीन सव्वीस मिलिमीटरने अचानक संपत होती. दुसऱ्याने फ्रिजकडे बघून विचारलं, "हे इथेच येतं का?" आणि एजंटने "ओपन किचनची फॅशन आहे," असं सांगितल्यावर तो गेला. तिसरं गिऱ्हाईक पक्कं होत आलं होतं. जाताजाता त्याने सहज म्हटलं, "बाकी काही प्रॉब्लेम नाही ना?"

व्हर्नियरराव आत गेले आणि एक टंकलिखित कागद घेऊन आले. मथळा होता, 'घरातील त्रुटी, एकूण सतरा'. प्रत्येकीपुढे मिलिमीटर होते.

गिऱ्हाईक गेल्यावर एजंट बराच वेळ जिन्यात बसून राहिला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "खोटं बोलू नका हे बरोबर. पण विचारल्याशिवाय खरंही बोलायची गरज नसते."

"त्याने विचारलं होतं."

"हो, विचारलं होतं खरं," वहिनींनी मान्य केलं. मग त्या म्हणाल्या, "शिलाईवाल्या मावशींचा निरोप आलाय. जावई मंगळवारी येतोय, म्हणजे सोमवारपर्यंत काय ते कळवा म्हणाल्या. नाही जमलं तर नाही जमलं. जिवाला लावून घेऊ नका. मी वरच राहीन. खिडक्या सहा आहेत आपल्याकडे."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की व्हर्नियररावांना उठून गॅलरीत जावं लागलं. तिथे त्यांनी कठड्याची जाडी मोजली. काही कारण नव्हतं.

तो शनिवार होता. रविवारी सकाळी एजंट एक जोडपं घेऊन आला. दोघंही तिशीच्या आतली, दोघंही नोकरीवाली. त्याला चष्मा होता, आणि तिने काखेत केकच्या खोक्याएवढं एक खोकं धरलं होतं. चोपन्न पायऱ्या चढूनही दोघांना दम लागला नव्हता. व्हर्नियररावांनी ते कौतुकाने आणि वहिनींनी थोड्या हेव्याने पाहिलं.

"हे बारावं घर," ती म्हणाली. "आम्हाला आवडतं ते घर गुंड्याला आवडत नाही."

"मुलगा का?" वहिनींनी विचारलं.

तिने खोकं उघडलं. आत एक काळी गोल तबकडी होती. झाडू मारायचं यंत्र. ते आपलंआपण घरभर फिरतं, केर ओढतं आणि काम संपलं की जागेवर जाऊन बसतं, असं चष्मेवाल्याने समजावलं.

"आम्ही दोघं दिवसभर बाहेर. घर झाडतो तो हाच," ती म्हणाली. "पण प्रत्येक घरात मेले उंबरे! आत्ताच्या घरात रोज अडकतो आणि मला फोनवर कळवतो, 'मी अडकलोय.' परवा साहेबांसमोर वाजला. मी मीटिंगमधून उठून घरी आले, त्याला उंबऱ्यावरून उचलला, परत गेले. आता ठरवलंय, ज्या घरात गुंड्याला एकदाही उचलावं लागणार नाही, ते घर."

"एकदाही?" एजंटने विचारलं.

"एकदाही. नाही उचलावा लागला तर टोकन आत्ताच देऊ. लागला तर तुमचा वेळ घेणार नाही." मग ती व्हर्नियररावांकडे वळली. "काका, आधी काही सांगण्यासारखं आहे का घराबद्दल?"

एजंटला जोरात खोकला आला. व्हर्नियररावांनी बायकोकडे पाहिलं.

"द्या कागद," वहिनी म्हणाल्या. "विचारलंय तिने."

दोघांनी सतरा त्रुटी शेवटपर्यंत वाचल्या. चष्मेवाला म्हणाला, "हे दशांशापर्यंत कोणी मोजलं?"

"मी."

"एकट्याने?"

"उपकरण होतं ना."

"बाथरूमच्या दारात सव्वीसचा खड्डा आहे," ती म्हणाली. "कड आली की तो ओळखतो. मागे फिरतो." थोडं थांबून तिने भर घातली, "बहुतेक."

गुंड्याला हॉलच्या भिंतीशी त्याच्या बैठकीवर ठेवलं. "एक मिनिट," व्हर्नियरराव म्हणाले, आणि त्यांनी गुडघ्यावर बसून त्याची उंची मोजली. ब्याण्णव पूर्णांक चार. सुताराने पाय कापल्यावर लाकडी कपाटाखाली उरलेली जागा त्यांना पाठ होती: पंच्याण्णव. त्यांनी वजाबाकी केली आणि ती कोणालाच सांगितली नाही. विचारलं नव्हतं.

गुंड्या निघाला.

त्याने फ्रिजला अदबीने वळसा घातला, सोफ्याखाली जाऊन आला, आणि मग तो आतल्या खोलीच्या दाराकडे गेला. तिथे पूर्वी उंबरा होता. जोडप्याने श्वास धरला. गुंड्या नुसता गेला. कुठे काही होतं याची त्याला कल्पनाही नव्हती. ती नवऱ्याचा हात धरून कुजबुजली, "गेला!"

एवढ्यात आवाज ऐकून समोरच्या काकू आल्या आणि त्यांनी परिस्थिती ताब्यात घेतली. "डावीकडे राहिलं बघ. तिथे, तिथे! ऐकतच नाही मेला."

त्यांच्यामागून सेक्रेटरी वर आले. "आता हे काय फिरतंय माझ्या डोक्यावर? किती किलो?"

"तीन पूर्णांक चार," व्हर्नियरराव खोक्यावर छापलेलं वाचून म्हणाले. "पाय घ्या, काका, मधे येताय."

सेक्रेटरींनी पाय घेतला आणि तेही बघत उभे राहिले.

गुंड्या लाकडी कपाटाखाली शिरला. घरघर बारीक झाली. व्हर्नियररावांनी हाताची घडी घातली. त्या कोपऱ्यात फरशी अर्धा मिलिमीटर वर असती तरी चाललं असतं. तीन मिलिमीटर असती तर संपलं होतं. पण पोलादी गोळी तिथेही ठेवली होती, आणि ती हलली नव्हती. मिस्त्रीबद्दल त्यांच्या मनात प्रथमच माया दाटून आली. दोन मिनिटं गेली. मग पलीकडच्या बाजूने गुंड्या बाहेर आला, धुळीचा एक मोठा पुंजका ओढत.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "एवढी धूळ होती? रोज झाडते हो मी."

"वाकून कोण बघतं कपाटाखाली," काकू म्हणाल्या. त्यांनी एकदा तरी वहिनींची बाजू घेतल्याची ही नोंद आहे.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. गुंड्या सरळ तिकडे निघाला, त्याच वेगात. कडेला आल्यावर त्याचं पुढचं अर्धं वर्तुळ हवेत गेलं आणि तो थांबला. एजंटने डोळे मिटले. चष्मेवाला एक पाऊल पुढे झाला. तिने त्याला मनगटाला धरून मागे ओढलं. "उचलायचं नाही," ती म्हणाली. गुंड्याने जागच्या जागी थोडं डावीकडे पाहिलं, थोडं उजवीकडे, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला जे सुचलं नव्हतं ते करून तो मागे फिरला.

मग तो वहिनींच्या खुर्चीपाशी आला. वहिनींचा डावा पाय पुढे पसरलेला होता आणि तो चटकन ओढून घेणं त्यांच्या हातात नव्हतं. गुंड्याने चपलेला धडक दिली. मागे गेला, पुन्हा धडक दिली. सगळे वहिनींच्या पायाकडे बघत होते. वहिनींनी हाताने मांडी धरून पाय उचलायला घेतला, तो निम्म्यात अडला.

"राहू दे गं," व्हर्नियरराव म्हणाले.

"कसं राहू दे?" वहिनी दात आवळून म्हणाल्या आणि त्यांनी वाकून त्या तबकडीला इस्पितळातल्या आवाजात बजावलं, "हे बघ बाबा, मला लगेच हलता येत नाही. तू पलीकडून जा."

तिसरी धडक हलकी होती. गुंड्या चपलेच्या कडेकडेने सरकला, टाचेला वळसा घालून स्वयंपाकघरात गेला, ओट्याखालची लांब पट्टी झाडून परत आला आणि हॉलमधून सावकाश आपल्या बैठकीवर जाऊन बसला. घरघर थांबली. फ्रिजने एकदा घुर्र केलं, मग तोही गप्प झाला.

तिच्या हातातला फोन वाजला. तिने तो चेहऱ्याजवळ नेला. व्हर्नियररावांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि तारीख घातली.

"सांग, बेटा," ते म्हणाले. "एकेक सांग."

"क्षेत्र, छत्तीस चौरस मीटर."

त्यांनी लिहिलं.

"वेळ, त्रेचाळीस मिनिटं."

त्यांनी लिहिलं.

"अडकला, शून्य वेळा."